मिश्री म्हणजे तंबाखू का?

आई, तुला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो इतका साधा आहे की तू असतीस तर फोनवर अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन वर मलाच वेड्यात काढलं असतंस. मिश्री म्हणजे तंबाखू का? हा प्रश्न मला शिकागोत, ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये विचारला गेलाय आणि त्याचं उत्तर इंग्रजीत लिहून द्यायचं आहे. मी एका युनिव्हर्सिटीच्या हेल्थ ऑफिसात काम करते हे तुला माहीत नाही, ते तू गेल्यानंतरचं. तू आली होतीस तेव्हा मी घरीच होते, शिकागोजवळ शॉमबर्गच्या त्या नव्या घरात, महिन्याभराच्या लेकीला मांडीवर घेऊन. ती लेक आता दुसऱ्या राज्यात कॉलेजात शिकते आणि मी इथे दुसऱ्यांच्या पोरांचे लशींचे कागद तपासते.

झालंय असं, की येत्या सत्रापासून आमचा अख्खा कॅम्पस तंबाखूमुक्त होणार आहे. त्यासाठी एक समिती नेमली आहे आणि तिचं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय, कारण मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या माणसाकडेच ते येतं. इमारतींमध्ये बंदी आधीपासून होतीच. आता हिरवळीवर, बाकांवर, पार्किंग लॉटमध्ये, तिथे उभ्या केलेल्या स्वतःच्या गाडीतसुद्धा बंदी. मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. असा नियम लिहायला बसलं की रोज पायाखालच्या गोष्टी नव्यानं बघाव्या लागतात. कॅम्पस नेमका संपतो कुठे? मी नकाशा मागवला. उत्तरेकडचा फुटपाथ शहराचा निघाला आणि दक्षिणेकडचा आमचा. कॅफेटेरियात काम करणारी एक बाई आत्तापासूनच रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन सिगारेट ओढते, बर्फ असलं तरी. मी तिला विचारलं, नियम अजून लागू कुठे झालाय? ती म्हणाली, "आय ॲम प्रॅक्टिसिंग, हनी. ओव्हर देअर यू आर इन स्कूल. हिअर आय ॲम जस्ट इन शिकागो." मी तिच्याबरोबर तिथे पाच मिनिटं उभी राहिले. थंडी दोन्हीकडे सारखीच होती.

मग मुलांची मतं ऐकायला एक सभा ठेवली. त्यात एक मुलगी उठली, हातात ती पेनासारखी वाफेची नळी, आणि अगदी मनापासून म्हणाली, "बट आय डोंट यूज टबॅको. माइन इज मँगो." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण हेच वाक्य मी मराठीत ऐकलेलं होतं, तुझ्या तोंडून. मी तंबाखू खात नाही, मी मिश्री लावते.

समितीवर विद्यार्थ्यांतर्फे एक मराठी मुलगी आहे, इथेच जन्मलेली. मला पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांसमोर मावशी म्हणून टाकलं, आणि आता आमची चेअरपर्सन, जी जुनी नर्स आहे, तीही मला 'मौशी' म्हणते. मागच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये ही मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या खुर्चीशी आली. "मावशी, क्विक क्वेश्चन. डेफिनिशनमध्ये सिगार आहे, हुक्का आहे, गुटखा मी ॲड केला. पण मिश्री? इज इट टबॅको ऑर टूथ पावडर? आजीला विचारलं तर आजी गॉट सो मॅड. म्हणते, मी काय व्यसनी आहे का?" आणि तिनं खिशातून एक झिपलॉकची पिशवी काढली, तळाशी चिमूटभर काळी पूड. आजीच्या डबीतून सँपल म्हणून आणली होती, तंबाखूमुक्तीच्या मीटिंगला. मी पिशवी उघडली मात्र, आणि मला थेट आपल्या इस्लामपूरच्या स्वयंपाकघरात ठसका लागला.

जुना खोलगट तवा तू त्यासाठी वेगळा ठेवला होतास, त्यावर पोळी कधी पडायची नाही. दुपारी जेवणं आटोपली की तंबाखूची पानं चुरून त्यावर टाकायचीस आणि पदर नाकाला लावून हलवत बसायचीस. पानं आधी तांबूस होतात, मग काळी, आणि मग असा खकाणा उठतो की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडतात, "भाजायला बसलात वाटतं." आम्ही भावंडं डोळे चोळत अंगणात पळतो. संध्याकाळी तू ती पूड वस्त्रगाळ करतेस आणि क्रीमच्या रिकाम्या निळ्या डबीत भरतेस. इतकी मेहनत तू आमच्या वाढदिवसाच्या शिऱ्यालासुद्धा घेत नव्हतीस.

सकाळची मिश्री म्हणजे तर तुझं देवपूजेच्याही आधीचं काम होतं. मागच्या दाराच्या पायरीवर बसायचीस, उजव्या हाताची तर्जनी दातांवरून सावकाश फिरायची, डोळे कुठेतरी लांब. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं तुझं ठाम मत होतं. त्या पंधरा मिनिटांत तुला बोलता यायचं नाही, तोंड भरलेलं असायचं, आणि हे मला फार लवकर कळलं. सहलीला जाऊ? मैत्रिणीकडे राहू? तिची सायकल घेऊ? सगळे अवघड प्रश्न मी त्याच वेळी विचारायचे. तू नुसतं "हं" करायचीस, आणि ते हो की नाही हे ठरवणं माझ्या हातात असायचं. तू चूळ भरून यायच्या आत मी फाटकाबाहेर. तुला हे कळत होतं का गं? मला आज खूप काही विचारावंसं वाटतं. तुला पहिल्यांदा कुणी दिली? आजीनं? लग्नाच्या आधी की नंतर? दिवसभर आमच्या मागे धावणाऱ्या बाईला कुणीही काहीही विचारू शकत नाही अशी ती एवढीच वेळ होती, म्हणून आवडायची का? तेव्हा माझ्याकडे प्रश्न होते ते फक्त परवानगीचे.

माझ्या बाळंतपणाला तू आलीस ती दोन डब्या घेऊन, मेतकुटाच्या आणि डिंकाच्या लाडवांच्या मध्ये दडवून. विमानतळावर कस्टमच्या माणसानं डबी उघडून विचारलं तेव्हा तू त्याला दात दाखवलेस. एका परक्या अधिकाऱ्याला सगळे दात दाखवणारी बाई त्यानं बहुतेक पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यानं डबी बंद करून हातात दिली. ही गोष्ट तुझा जावई अजून पार्ट्यांमध्ये सांगतो.

चार महिन्यांनी तुझी दाढ दुखायला लागली आणि आपण शॉमबर्गच्या त्या दाताच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेर बसून मी तुझा फॉर्म भरत होते. तंबाखू, असा रकाना होता आणि पुढे हो-नाहीचे चौकोन. मी विचारलं, "आई, तू तंबाखू खातेस का?" तू म्हणालीस, "शी! मी काय चावडीवर बसून तंबाखू मळते?" मी 'नाही'वर खूण केली. आत डॉक्टरांना तुझ्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून एक पांढरट चट्टा दिसला. त्यांनी फॉर्म बघितला, दाढ भरली, आणि तिकडे गेल्यावर चट्टा कुणाला तरी दाखवा म्हणाले. मी तुला तसं सांगितलं. तू "बरं" म्हणालीस आणि तिकडे गेल्यावर कुणालाही दाखवला नाहीस.

तीन वर्षांनी दादाचा फोन आला तेव्हा त्या जागी गाठ होती. मी आले, तुझ्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथल्या डॉक्टरनं मान वर न करताच विचारलं, "मिश्री लावता का, मावशी?" आणि तू चटकन, जरा अभिमानानंच म्हणालीस, "लावते की. लग्नाआधीपासून." त्या माणसाला खरं उत्तर मिळायला दोन सेकंद लागले. इंग्रजी फॉर्मला ते मिळालं नाही. पुढचं तुला माहीत आहे. सात महिने.

तर आई, हे सगळं मी परवा समितीपुढे सांगितलं. मीटिंगमध्ये मी एवढं बोलले नव्हते कधी. म्हटलं, तंबाखू असं विचारलं तर आमच्याकडच्या बायका नाही म्हणतील आणि खोटं बोलल्या असं त्यांना वाटणारही नाही. त्यांना त्यांच्याच शब्दात विचारलं पाहिजे. मग तो शब्द नियमात हवा आणि आमच्या क्लिनिकच्या फॉर्मवरही हवा. मी तो कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून दाखवला. चेअरपर्सननं चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाली, भाषांतरात एवढ्या गोष्टी हरवतात. सगळ्यांनी माना हलवल्या. मिश्री यादीत गेली, हुक्क्याच्या खाली. त्या मुलीनं टेबलाखालून माझा हात दाबला.

मीटिंग संपल्यावर ती झिपलॉकची पिशवी माझ्याकडेच राहिली. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या. मला फक्त कळून घ्यायचं होतं की तुला पायरीवर बसून काय वाटायचं. बोट ओलं केलं, पुडीत बुडवलं, दातांवरून फिरवलं. आधी झोंबलं, मग कडू, मग लाळ सुटली, आणि मग डोकं असं हलकं झालं की स्टिअरिंग धरावं लागलं. तेवढ्यात काचेवर टकटक. ती मुलगीच. "मावशी, यू ओके? रडतेयस का? ड्राइव्ह करशील ना? मी आईला फोन करू?" मला तोंड उघडता येईना. मी बोट वर केलं, थांब म्हणून, आणि "हं" केलं. अगदी तुझ्यासारखं. ती "ओके, आय विल कॉल मॉम" म्हणून फोन काढत निघाली. माझं ते "हं" म्हणजे नको होतं. मला ते सांगता आलं नाही.

तिथे बसल्या बसल्या मला ते आठवलं. खरं म्हणजे आठवलं असं म्हणणंही लबाडीच आहे, मी ते कधी विसरले नव्हते. समितीला सांगितलेली गोष्ट फॉर्मपाशी संपते, तुझ्या जावयालाही मी तेवढीच सांगितली आहे. तसं झालेलं नाही. चट्टा दिसल्यावर त्या डॉक्टरनं फॉर्मवर विश्वास ठेवला नव्हता. मी दुभाषी म्हणून तुझ्या खुर्चीशेजारीच उभी होते. त्यानं मला विचारलं, तंबाखूचा कुठलाही प्रकार? आणि शब्द पोचतोय की नाही असं वाटून त्यानं स्वतःच्या मास्कवरून, ओठाच्या जागी, बोट घासल्यासारखं फिरवून दाखवलं. असं काही लावतात का? तू खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, आरसा, ती नळी. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण ती खूण तुला लगेच कळली. तुझं उजवं बोट वर आलं, तेच बोट, आणि ओठाकडे निघालं. तू त्याला सांगत होतीस.

मला लाज वाटली, आई. नवं घर, नवा इन्शुरन्स, तो पांढराशुभ्र दवाखाना, आणि माझी आई तव्यावर जाळलेला पाला दातांना लावते हे मला त्याला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "नो. जस्ट हर्बल टूथ पावडर. शी इज अ लिटल नर्व्हस." तेव्हा तू थांबली असतीस का, चट्टा गेला असता का, हे मला माहीत नाही, आणि कुठल्याच समितीत ते कळणार नाही. पण तुझं तोंड भरलेलं होतं आणि तुझं उत्तर काय ते मीच ठरवलं.

मिश्री म्हणजे तंबाखू. हे मला तेव्हाही माहीत होतं. हे पत्र मी नियमाच्या मसुद्याच्या फाइलमध्येच ठेवणार आहे, ते दुसरं कुठे जाण्यासारखं नाही. एवढंच सांगायचं राहिलं होतं, की तुझं ते वर आलेलं बोट मी माझ्या मुठीत धरलं आणि खाली तुझ्या मांडीवर ठेवलं. तुला वाटलं मी धीर देतेय. तू दुसऱ्या हातानं माझा हात थोपटलास.