सहा सिलिंडरची परवानगी

११ जानेवारी १९५४
जीप मेली.
मानपाड्याच्या विहिरीवरून पाण्याची आठ पिंपं ट्रेलरवर घालून येत होतो. रेल्वेचं फाटक ओलांडलं आणि बॉनेटखालून वाफ. मग सुपारी फुटावी तसा एक आवाज. मग काहीच नाही. गावातल्या बायका तिथपर्यंत हंडे घेऊन आल्या, पिंपं रिकामी करून गेल्या. म्हणजे पाणी पोचलं, गाडी नाही पोचली. ती नंतर बैलांनी ओढून आणली.
चारही बाजूंना मिठागरं, गावच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तीन वर्षं जीप होती म्हणून बायकांचे पाय वाचले. उद्यापासून पुन्हा पायी मानपाडा. जाऊन-येऊन सात मैल.

१४ जानेवारी
कल्याणला इब्राहिम मिस्त्रीच्या गॅरेजात. लढाईच्या वेळी लष्करी कँपातल्या वर्कशॉपात त्याच्याच हाताखाली पाना धरायला शिकलो. अजून मला नावाने हाक मारत नाही, ‘ए फिटर’ म्हणतो.
हेड उघडलं. ब्लॉकला तडा. पाण्याच्या वाटा पांढऱ्या फटक, दगडासारख्या गच्च. मिस्त्रीने नखाने खरवडून जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघत राहिला.
“फिटर, ये तो नमक है.”
मीही चाखलं. चाखायची काय गरज होती? जन्म मिठात गेला.
येताना रागाने कान तापलेले. रेडिएटरमध्ये खारं पाणी घालणारा कोण? पलीकडच्या आगराच्या लोकांशी बांधावरून आपलं वाकडं आहेच. त्यांच्यापैकीच कुणीतरी. सापडू दे फक्त.

१५ जानेवारी
सापडली. आय.
रोज सकाळी रेडिएटर भरायचं काम मीच तिला दिलेलं. झाकण कसं फिरवायचं, कुठवर भरायचं, सगळं शिकवलं. कुठलं पाणी, ते सांगितलं नाही. ते सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. ती तीन वर्षं मिठागराच्या पाटातून कळशी भरत होती.
“प्याचं पानी लोखंडाला पाजायचं?” म्हणाली. “पोरान्ला मी घोट मोजून देतंय, न त्या गारीला कलशी भरून? मना पाप लागलं असतं.”
मी फार बोललो. ओरडलो. हिरा (माझी बायको) मधे पडली तर तिच्यावरही. आय तोंडाला पदर लावून उभी राहिली. रडली नाही.

१९ जानेवारी
चार दिवस आयशी बोललो नाही. तीही नाही. ताट वाढते, बाजूला होते.

२३ जानेवारी
कल्याणला जीपचं इंजिन मिळत नाही. जे दिसतं ते फुटकं. मिस्त्रीच्या आवारात एक पडलेलं आहे, कँपाच्या लिलावातल्या लॉरीचं, सहा सिलिंडर. लिलावाचा कागदही जवळ आहे. आपलं चार सिलिंडरचं. मि. ने दोरीने मापं घेतली. रेडिएटर वीतभर पुढे सरकवावा लागेल, इंजिन ज्यावर बसतं ती माउंटिंगं नवी, गिअरबॉक्सला जोडायला मधे जाड पट्टी. पण बसेल.
मला तर बघूनच लाळ सुटली. भरतीनंतर खारातल्या चिखलाचा शेवटचा पाव मैल जुनं इंजिन आठ पिंपांनी रडायचं. हे बारा ओढील.
मग मि. हळूच म्हणाला, “पुराना नंबर इसपे ठोक देता हूँ. बॉनेट कौन खोल के देखता है, फिटर?”
नंबर ठोकायचे पंच त्याच्या टेबलावरच होते. दहा मिनिटांचं काम.
नको म्हणालो. सज्जनपणा वगैरे काही नाही. गाडी एकदा चोरीची म्हणून जप्त झाली की संपलं, आणि ती एकट्याची नाही, अख्ख्या गावाची तहान तिच्यावर. मि. हसला. “फिर ठाणा जा, मोटार ऑफिस. दरख्वास्त लिख. बूढा हो के आ.”

२७ जानेवारी
डोंबिवलीत लिमये मास्तरांकडे. अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचा, अक्षर छापल्यासारखं. मास्तरांना मोटारीतलं ओ की ठो कळत नाही, पण ‘सविनय’ कुठे घालायचं ते बरोबर कळतं. गाडीत फेरफार करण्यापूर्वी पूर्वपरवानगी, फेरफारानंतर तपासणी, मग नोंदपुस्तकात नव्या इंजिनाचा नंबर चढवणार. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: जुने इंजिन निकामी झाल्यामुळे.
“एवढं पुरे,” म्हणाले. “जास्त सांगू नका, दामोदरपंत. सांगितलं की विचारतात.”
आम्हाला पंत म्हणणारा पंचक्रोशीत हा एकच माणूस.

४ फेब्रुवारी
ठाण्याच्या मोटार ऑफिसात. इन्स्पेक्टर साहेब बारीक, चष्मेवाले, बुटांना चिखल. तेव्हाच वाटलं हा माणूस गाडीखाली शिरत असणार.
“निकामी कशाने झालं?”
मास्तरांचं ‘जास्त सांगू नका’ आठवलं.
“खाऱ्या पाण्यातून नेता?”
“नाही साहेब. पाजलं.”
“कुणी?”
शेजारच्या टेबलावरचा कारकून कान देऊन ऐकत होता. आईचं नाव तिथे काढायचं मनात नव्हतं. काढलं. सगळं सांगितलं, प्यायचं पाणी लोखंडाला देणं तिला पाप वाटतं तेही. कारकून फिसकन हसला. साहेब नाही हसले. अर्जाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि विचारलं, “पाणी कुठून आणता?” मानपाडा म्हणालो. “किती लांब?” सांगितलं. पुन्हा लिहिलं.
बाहेर आलो तर माझेच डोळे भरलेले. लाज नव्हती ती. आयचं म्हणणं परक्या माणसासमोर उच्चारलं तेव्हा पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं. तिचं चुकलं काय? गाडी तहानते हे तिला कुणी सांगितलं होतं?

५ फेब्रुवारी
आयशी बोललो. म्हणजे “भाकरी दे” म्हणालो. तिने दोन दिल्या.

२६ फेब्रुवारी
परवानगी आली! टपालवाल्याला गूळ दिला. मास्तरांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. फेरफार करण्यास हरकत नाही. तपासणी होऊन नोंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.
मि. चा विश्वास बसेना. पत्र उन्हात धरून बघितलं.

१३ मार्च
आठवडाभर कल्याणलाच. मि. च्या गॅरेजात झोपतो, घरी गेलेलो नाही. जुनं इंजिन उतरवलं. नवीन आत उतरवताना साखळी सरकली, अंगठा वाचला थोडक्यात. पुढच्या स्प्रिंगांना एकेक पोलादी पान जास्त घातलं, इंजिन जड आहे. पंखा रेडिएटरला घासतो. उद्या बघू.
मजा येते आहे हे लिहायला हरकत नाही. बायका तिकडे उन्हात चालतात आणि मला इकडे मजा येते.

२१ मार्च
सुरू झालं. पहिल्यांदा खोकलं, मग एकसुरी, घोगरं, असं घुमलं की समोरचा चहावाला दुकान सोडून आला.
सकाळी हिराचा भाऊ गावाहून आला होता. त्याच्याबरोबर आयने कळशी पाठवली, तोंडाला केळीचं पान बांधून. निरोप: “मानपाड्याचं हाय. गारीला घाल.” गॅरेजात नळ आहे, चोवीस तास पाणी. मि. म्हणाला, ओत ते झाडाला. मी रेडिएटरमध्येच ओतलं, एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

७ एप्रिल
तपासणी. एका दिवसाचा तात्पुरता परवाना काढून गाडी, ट्रेलर आणि बारा रिकामी पिंपं ठाण्याला नेली. मुंब्र्याच्या बाजूला चढावर गिअरसुद्धा बदलावा लागला नाही. मी गाणी म्हणत होतो.
साहेब खरोखरच गाडीखाली शिरले. नंबर ताडून पाहिला, लिलावाचा कागद पाहिला, माउंटिंगांवर हातोडी मारून पाहिली. “काम चांगलं आहे,” म्हणाले. मी फुगलो. मग म्हणाले, “ट्रेलर जोडा. पिंपं भरा. सगळी बारा.”
आवारात खडूची रेघ मारली. वेग घेऊन रेघेवर ब्रेक मारायचा.
मारला. गाडी थांबेना. रेघ गेली, पिंपळाचा पार जवळ आला. पारावर बसलेली माणसं उठून पळाली. थांबली तेव्हा पार हातभर लांब होता.
साहेब चालत आले, मोठ्याने बोलले नाहीत. “एवढं वजन ओढायचा विचार केलात. ते थांबवायचा?”
नापास. ब्रेक बदलून पुन्हा अर्ज.
बारा पिंपांची हाव कुणाची? माझी. ब्रेक कुणाच्या डोक्यात आले नाहीत? माझ्या. वर्कशॉपात शिकलेला मी, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेला. आयला कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलेलं. फाटकाजवळच्या उतारावरून बायका हंडे घेऊन चालत असतात. पुढचं मनात येतं आणि…
मि. ने नंबर ठोकला असता तर तपासणी झालीच नसती. हेही लिहून ठेवतो.

२४ एप्रिल
ब्रेक झाले. लॉरीचेच मोठे ड्रम बसवले, ट्रेलरलाही वेगळा ब्रेक. गॅरेजच्या आवारात बारा पिंपं भरून वीस वेळा थांबवून पाहिली. थांबते. मि. म्हणतो आता भिंत आली तरी भिंतीला विचारून थांबेल. अर्ज गेला. मास्तरांनी या वेळी दोन ‘सविनय’ घातले. परत येताना गाडी बैलांनी ओढूनच गावात आणली, रस्त्यावर चालवली नाही. लोक हसले. हसोत.

२ मे
पत्र आलं.
तपासणीची तारीख बारा जुलै. साहेबांचा जिल्ह्यातला दौरा, त्याआधी दिवस मोकळा नाही. खाली साहेबांच्या हातचं एक वाक्य: ‘आधी जमल्यास कळवीन.’
जुलैत आमच्याकडे आभाळच पाणी देतं. पागोळ्यांखाली हंडा ठेवला की भरला. तहान आत्ता आहे.
रागवायचं तरी कुणावर? नियम बरोबर. साहेब भला. पहिली तारीख त्यांनी दिली होतीच, ती मी घालवली.

३ मे
संध्याकाळी देवळापुढे सगळे जमले. जाणती माणसं एकच म्हणत होती, चालव. कोण बघतंय? फाटकवाला आपला. हवालदाराला सांगू. मीही मनातून डगमगलो होतो. शेडमधे सहा सिलिंडर, ब्रेक पक्के, सगळं ठीक. फक्त एक कागद नाही.
बायका मागे बसलेल्या. त्यांना कुणी विचारलं नाही. आय उठली. जमलेल्या पुरुषांपुढे आय बोललेली मी आजवर ऐकली नव्हती.
“गारी पकरली त परत येयाची नाय,” म्हणाली. “मंग साल, दोन साल, सगला जल्म चालायचं. त्यापरीस दोन म्हैने चालू. चालनार तर आमीच हाव ना? मंग आमी बोलतंव. नको.”
जाणती माणसं चपला शोधू लागली. मला तर बसायला जागा सापडेना. कायद्याने करायचं, कायद्याने करायचं, हे जानेवारीपासून मी सांगत होतो. त्याचं ओझं डोक्यावर घेऊन चालत होत्या त्या. चार महिन्यांत एकदाही मी त्यांच्याबरोबर विहिरीपर्यंत गेलो नव्हतो.

५ मे
सकाळी आय, हिरा आणि आळीतल्या सात-आठ जणी निघाल्या. मीही हंडा घेतला.
आमच्यात पुरुष मिठाची पाटी डोक्यावरून कितीही नेईल, पाण्याचा हंडा नाही. हिराने डोळे मोठे केले. बाकीच्या तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. एक जण म्हणाली, “दामू, तुजं इंजान कुटं?” म्हटलं, घरी बसलंय, साहेबाची वाट बघत.
जाताना काही वाटलं नाही. येताना कळलं. मीठ डोक्यावर गप्प बसतं, पाणी बसत नाही. फाटकापर्यंत खांदे भिजले, खारात शिरेपर्यंत धोतर. मधे दोनदा उतरवून बसलो. बायका थांबल्या नाहीत. थांबलं की उन्हाचा तास जातो. आय मात्र माझ्या मागे राहिली. तिच्या हंड्यातून थेंब सांडला नाही, वय साठीच्या पुढे.
घरी आल्यावर माझ्या हंड्यात डोकावली. निम्म्याहून कमी. वाटलं आता बोलणार, जानेवारीचं सगळं काढणार. हक्क होता तिचा. तिने तेवढं पाणी रांजणात ओतलं, तळ निपटून.
मग म्हणाली, “मान ताठ धरतंस तू. जरा ढिली सोर. जुलैपत्तर शिकशील.”
मान अजून दुखते आहे. हिराने तेल चोळून दिलं. ठाण्याहून आज काही आलं नाही. उद्या साडेपाचला निघायचं आहे.