पंधरा पांढऱ्या गोळ्या

बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५
आज आणलं – यांच्या नव्या गोळ्यांची पट्टी, १२६ रुपये. बोंबलाचा एक वाटा, ८०.
डॉक्टरांनी यांची प्रेशरची जुनी गोळी बंद केली. पंधरा पांढऱ्या गोळ्या उरल्या. मेडिकलवाला म्हणतो, "कापलेली पट्टी परत घेत नाही, काकू." एवढ्या टाकायच्या? खाडीकडच्या नवापूरची रखमाबाई मासळीची टोपली घेऊन दारात होतीच. तिलाही प्रेशर. "औषिद परवडत नाय, वैनी." पट्ट्यांवर पेनाने 'नाष्ट्यानंतर रोज १' लिहिलं आणि तिच्या ओटीत घातल्या. केवढी हरखली! दिवा लावताना बरं वाटलं. देवाने वाया जाऊ दिलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
लेकीचं, अपेक्षाचं ऑफिस घरातच, कपाटाशेजारी. दिवसभर लोकांचं फेसबुक वाचते. कुणी लिहिलं की अमुक औषधाने त्रास झाला, तर ते औषधाच्या कंपनीला कळवायचं. हा पगार! मी हसले तर म्हणाली, "हसू नकोस, यातून माणसं वाचतात." चार रकाने भरायचे – त्रास कुणाला, औषध कुठलं, झालं काय, सांगतंय कोण. एक रिकामा राहिला तर नोंद अडते. खाडीकडची बोली तिला समजत नाही, मग हाक – "आई, हे काय लिहिलंय गं?" मी दहावी, पण बावीस वर्षं कोळणींशी घासाघीस केलीय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
आज हाक आली. नवापूरच्या कुणा दर्पणने लिहिलंय – 'आयचे दोनी पाय सुजलेत. चपला जात नाय. ही गोळी खाते तवापासून. कोणाला म्हायती हाय का?' खाली एकाचा सल्ला – मिठाच्या पाण्यात पाय बुडव. आणि पट्टीचा फोटो. त्यावर पेनाने 'नाष्ट्यानंतर रोज १'. माझं अक्षर!
अर्थ सांगितला. अक्षराचं बोलले नाही.
"विचारलं त्याला, गोळी कुणी दिली," अपेक्षा म्हणाली. "म्हणे आई नाव सांगत नाही. असल्या गोळ्या वाटत फिरणाऱ्या बायकांना ना..." पुढचं ऐकायला थांबले नाही. कुकर नव्हताच लावलेला, तरी गॅसपाशी जाऊन उभी राहिले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
पोथीत लक्ष नाही. तीच ओवी तीनदा वाचली.
यांना विचारलं, "जुनी गोळी का बंद केली हो?"
"पाय सुजायचे ना! विसरलीस? कंपनीतून आलो की बूट निघायचे नाहीत. तूच ओढायचीस."
मीच ओढायचे. शिफ्टचा थकवा म्हणून रोज तेलही लावायचे. गोळी बदलल्यापासून बूट आपोआप निघतात, हे आज ध्यानात आलं. देवा.

रविवार, १६ फेब्रुवारी. संकष्टी.
उपाशीपोटीच रिक्षाने नवापूरला. रखमाबाई ओट्यावर, पाय पाटावर. पाय कसले – भरून आलेले भोपळे!
"या वैनी! मीच येनार होते तुमच्याकडं. गोळ्या सपल्या. आनखी हायेत?"
म्हटलं, "अहो, त्या गोळीनेच पाय सुजलेत."
"गप! तुमी देल्ली ती. रोज देवाचं नाव घेऊन खायाचे."
"मुलाला माझं नाव का नाही सांगितलंत?"
"कशाला? तो डोक्याचा तापट. तुमच्या दारात येऊन बोंबलला असता, मंग मी मासली खंय विकू?" हसली. मला हसता येईना.
दर्पणला सगळं सांगितलं. माझ्याकडे बघितलंदेखील नाही त्याने. तसेच तिघं रिक्षाने डॉक्टरकडे गेलो. दुसरी गोळी लिहून दिली.
चंद्र दिसला. उपास सोडला नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी
अपेक्षाला सांगितलं. ती कॉम्प्युटरकडे वळली – "सांगतंय कोण? आई, पूर्ण नाव सांग."
सांगितलं. यांचे पायही सांगितले. म्हणाली, "म्हणजे दोन नोंदी."

बुधवार, १९ फेब्रुवारी
काही नाही. दारात कुणी चपला काढल्या की आधी पायच बघते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
रखमाबाई आली – चपला घालून! सूज बरीच उतरलीय. आज घासाघीस केली नाही, तर म्हणते, "वैनी, तुमाला बरं नाय का?"
अपेक्षाने पुढची माहिती विचारली – किती दिल्या, किती खाल्ल्या. दिल्या पंधरा. सहा तारखेपासून पंधरापर्यंत रोज एक, दहा. हिशोब लागेना. पाच कमी.
"पाच?" रखमाबाई म्हणाली. "त्या नंदंला देल्ल्या, रंभाबाईला. तिला पन चक्कर येतंय. आता लेकीकडं हाय, उमरगावला."
तिला सोडायला आलेल्या दर्पणने तिथला नंबर लावला. बंद.

शनिवार, २२ फेब्रुवारी
स्पीड पोस्टाने पाठवलं. नक्कल ठेवते –
'रंभाबाईंस नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. रखमाबाईंनी दिलेल्या पाच पांढऱ्या गोळ्या माझ्या घरच्या. माझी चूक झाली. त्या खाऊ नका, पाय बघा, डॉक्टरला दाखवा. पैसे मी देईन. आणि तुम्हीही त्या पुढे कुणाला दिल्या असतील, तर तिचं नाव आणि पत्ता कृपा करून उलट टपाली कळवा.'