पॉलिशचा एक हात

३ तारीख, मंगळवार
नवं काम. म्हातारे शिंपीकाका आणि काकू, तीन खोल्या, सगळी लाकडी जमीन. चालायच्या वाटांवर झिजून गेलेली. मिस्त्री म्हणाला, मशीन लावून घासून काढू, आतलं कोरं लाकूड वर येईल. मला पण नवंच आवडतं. काका म्हणाले, "घासायची नाही. नुसता पॉलिशचा एक हात." मिस्त्री हट्टाला पेटला. काकाही हलेनात. शेवटी मिस्त्री मला म्हणाला, "भिंगरी, हे तूच कर. असल्या अर्धवट कामाला मी येत नाही."
भिंगरी म्हणजे मी. तीन वर्षांत चार धंदे झाले, पाय ठरत नाही म्हणून.
पाण्याचा थेंब टाकून पाहिला. मुरला नाही, वरच राहिला. म्हणजे जुनं पॉलिश अजून आहे. त्यावर हात बसेल.

४ तारीख
का घासायची नाही ते आज कळलं. काकूंना दिसत नाही. सहा वर्षं झाली. तरी घरात अनवाणी, भिंतीला हात न लावता चालतात. पायांना कळतं म्हणे. पलंगापाशी खिळ्याचं डोकं. खिडकीशी खळगा — तिथे काकांचं शिलाई मशीन चाळीस वर्षं होतं. मी मुद्दाम वाटेत गप्प उभा राहिलो. "सरक रे, ऊन अडवलंयस माझं," म्हणाल्या.
घासली असती तर सगळं सपाट. बाईचं घरच पुसलं असतं.

५ तारीख
नुसती धुतली आणि पुसली. कंबर गेली.

६ तारीख
मशीनला बारीक घासायची जाळी लावून हलकंच फिरवलं — जुन्या पॉलिशची चमक मोडण्यापुरतं. नाहीतर नवं धरत नाही. धूळ ओढून घेतली. स्वयंपाकघराच्या दारासमोर दोन फळ्यांमध्ये बोटभर फट दिसली. काकूंचा पाय अडकेल म्हणून लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली, घासून एकसारखी केली. कुणी सांगितलं नव्हतं. मग सगळीकडे पॉलिशचा हात मारला. जमीन अशी उजळली!
काका-काकू दोन दिवस शेजारी.
आईचा फोन. "तिथे तरी टिक." बघू म्हटलं. पुढच्या महिन्यात बंदरावर कामाला जायचं ठरलंय, ते नाही सांगितलं.

८ तारीख, रविवार
काकू घरी आल्या. पलंगापासून निघाल्या, खिडकीपर्यंत झकास. स्वयंपाकघराच्या दाराशी न वळता तशाच पुढे गेल्या आणि कपाळ कपाटावर आपटलं. तिथेच उभ्या. "अहो, मी कुठे आहे?"
काका म्हणाले, "दार मागे राहिलं की."
"नाही. दार आलंच नाही."
मला लगेच कळलं. म्हटलं, "काकू, तिथली फट मी बुजवली. तुम्ही अडखळाल म्हणून."
"अरे राजा, तेच तर माझं दार."
काकांनी ओला रुमाल आणून काकूंच्या कपाळावर धरला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मिस्त्री म्हणतो, आता तेवढा पट्टा घासून नव्यानेच करावा लागेल. मी नको म्हटलं.

९ तारीख
दिवसभर गुडघ्यांवर. सुरी आणि बारीक पटाशी. लांबी दगड झालेली. काकू शेजारी खुर्चीवर, थोड्या थोड्या वेळाने पाय पुढे करून तपासायच्या. "अजून. अजून जरा. इथे एक कपची टोचायची."
ती कपची मीच घासून उडवली होती. सांगितलं.
"जाऊ दे. बिनटोचणीचं शिकेन." मग म्हणाल्या, "तुझ्या नाकातून केवढा श्वास चाललाय! बैल आहेस की माणूस?"
फटीच्या काठांना ब्रशने पॉलिश.

१० तारीख
वाळतंय. बंदरावरच्या माणसाचा फोन आला. उचलला नाही.

११ तारीख
काकू चालल्या. पलंग, खिळा, खळगा. दाराशी थांबल्या, पायाचा अंगठा फटीवरून फिरवला आणि वळून सरळ आत. आतून भांडं वाजलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो.
नंतर काकांनी जिन्यात बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "हिला कळू देऊ नकोस. माझेही डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्ष. रोज दुपारी डोळे मिटून हिच्या मागे चालतो. जमीन शिकतोय."
त्यांचा हात धरून जिना चढून वर आलो.

१२ तारीख
ब्रश-डबे आणायला गेलो. काका बाहेर गेले होते. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "तुला सांगितलं ना त्यांनी? मला माहीत आहे रे. दुपारी मागे धडपडतात, ऐकू येतं. म्हणून तर हल्ली मी सावकाश चालते."