गवतातली गाठ

माय, पोळ्यापासून तुझा धाकटा माझ्याशी बोलत नाही. आमचा बांध एक, विहीर एक. पण तो मोटर चालू करायला येतो आणि मी तिथे दिसलो की वळून परत जातो. मी काय केलं ते त्याला अर्धंच माहीत आहे. पूर्ण फक्त तुला सांगतो आहे. आणि माफी मागायला लिहीत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट तळ्याच्या वरच्या अंगाच्या गवताची आहे. ते ई-क्लासचं, म्हणजे सगळ्या गावाच्या गुरांचं. पावसाळ्यात तिथे पायाखाली चुबुक चुबुक ओल असायची आणि पवन्या गवत कमरेच्या वर यायचं. तुम्ही बाया एका ओळीत वाकून चारा कापत पुढे सरकायच्या आणि मध्येच कोणीतरी थांबायची. तणमोराचं, त्या कोंबडीएवढ्या पाखराचं, घरटं लागलेलं असायचं. घरटं म्हणजे तरी काय, जमिनीवर दाबलेलं गवत आणि त्यात तीन-चार अंडी. मग ती बाई चारी बाजूंचं उभं गवत जवळ ओढून शेंड्यांची गाठ मारायची आणि भोवती खाटेएवढी जागा सोडून द्यायची. जिवतीची जागा. तिथे इळा चालत नाही, बैल जात नाही. कागद नव्हता, शिपाई नव्हता, आणि तरी कोणी ती गाठ मोडल्याचं मी ऐकलं नाही. नर तेव्हा गवतातून एकदम वर उडी घ्यायचा, काळा कुळकुळीत, डोक्यामागे तुऱ्याच्या दोन-चार काड्या, आणि पंखांचा तो टर्र आवाज. तू कंबर सरळ करून म्हणायचीस, "पाह्य, कसा नाचून राह्यला. बायकोले दाखोते."

दहावी होऊन मी घरी बसलो होतो, त्या वर्षी तू मला गवतावर नेलंस. माझ्या वाट्याला आलेला पट्टा लांब होता आणि ऊन कडक. मी रिकाम्या गवतात तीन गाठी मारल्या आणि तेवढं कापायचं वाचवलं. तू येऊन एकेक गाठ हातांनी सारून पाहिलीस. संध्याकाळी चुलीपुढे मी ताट घेऊन बसलो आहे, अंबाडीची भाजी शिजते आहे, आणि तू भाकरी तव्यावरून काढून टोपल्यात ठेवतेस, माझ्या ताटात नाही. "खोटी गाठ मारशीन तं खऱ्या गाठीले कोण मानन?" एवढंच. दुसऱ्या दिवशी एकट्याने जाऊन तिन्ही गाठी सोडल्या, तिन्ही जागा कापल्या. परत आलो तेव्हा तू तुझा इळा माझ्या हातात दिलास, मारेगावच्या बाजारातून आणलेला, मुठीवर चिंधी गुंडाळलेला. म्हणालीस, "आता हा तुहा."

तो इळा अजून माझ्याकडे आहे. गवत मात्र दर वर्षी कमी होत गेलं. कापसाने दगा द्यायला सुरुवात केली तसे लोक कडेकडेने नांगर आत घालू लागले. नांगराच्या एका तासाचे, एका सरीचे, दोन तास झाले, दोनाचे चार. मी त्यांना चोर म्हणत नाही. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, मग माणूस दिसेल त्या मातीकडे पाहतो. यंदा ग्रामसभेत ठरलं की उरलेलं सगळं गवत दोन-दोन एकर वाटून घ्यायचं. धाकट्याचं नाव यादीत पहिलं होतं. मात्र वनखात्याचं पत्र आलं. तणमोर संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे, त्याचं घरटं तिथे असलं तर जमिनीला हात लावता येणार नाही, पाहणी करून पंचनामा पाठवा. पाच पंचांत माझं नाव घातलं, कारण मी रोज पूजा केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही आणि खोटं बोलत नाही, असं गावात म्हणतात.

पाहणीच्या आधी तीन दिवस सकाळी मी गवतात फिरलो. एकही उडी दिसली नाही. मग आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, तुझा इळा घेऊन गेलो, मधोमध खाटेएवढी जागा सोडून भोवतीचं गवत कापलं आणि शेंड्यांची गाठ मारली. आत काही नव्हतं.

सकाळी वनरक्षक आला. पोरसवदा, उमरखेडकडचा. सरपंच हसत म्हणाले, "साहेब, मोराचं काय घेऊन बसले, गावात कोंबडी राह्यली नाही कोणाच्या घरी." मी त्याला गाठीपाशी नेलं. त्याला कळेना. तेवढ्यात तुझ्यासोबत ओळीत चारा कापायची ती मावशी काठी टेकत आली. वाकून तिने गाठ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"गाठ बायकी नाही दिसत रे बापू," ती माझ्यापुरतं म्हणाली.

मी मान खाली घातली. ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "साहेब, जिवतीची जागा हाये. आत पाय टाकाल तं मादी अंडे सोडून जाईन."

"आजी, तुम्ही पाहिलं?"

"म्या तुह्या बापाच्या जन्माआधीपासून पाह्यलं."

तो हसला आणि त्याने लिहून घेतलं: घरटे असल्याचे ग्रामस्थ सांगतात. मी सही केली. वाटप थांबलं आहे.

घरी येताना धाकट्याने वाट अडवली. "भाऊ, पाखरासाठी माह्या लेकरांचा घास काढला तुनं."

"आपल्या सहा एकरांत काय पिकून राह्यलं? या दोनात काय सोनं लागनार होतं?"

"ते मी पाह्यलं असतं. तू कायले पाह्यतं?"

त्याचं हे म्हणणं खरं आहे. तरी सही मागे घेणार नाही, माय. पाखरू दिसत नाही म्हणून त्याची जागा नांगरायची, आणि जागा नांगरली म्हणून ते कधीच यायचं नाही, हा न्याय मला मान्य नाही. देवापुढे दिवा लावताना मी हे खोटं रोज कबूल करतो, आणि तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो की पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. तू भाकरी टोपल्यात ठेवशील. ठेव. मी उपाशी उठेन, पण या वेळी गाठ सोडायला जाणार नाही.

तणमोर मी शेवटचा पाहिला तो तू गेलीस त्या पावसाळ्यात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, एकच नर, एकच उडी. पंचनाम्यात हे विचारलं नव्हतं.

हे पत्र देवघरात, पोथीखाली ठेवीन. एक सांगायचं राहिलं. पूजा झाली की मी रोज त्या जागेपाशी जातो. आत काही नाही हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, गाठ मीच मारली आहे. तरी चपला बाहेर काढतो, आणि गवत सारून पाहायची हिंमत होत नाही.