तुमच्या यजमानांचा चष्मा

अपरिचित ताई,
सादर नमस्कार.

तुमच्या परदेशातल्या चर्चने आमच्या गरीब चर्चला पाठवलेल्या जुन्या चष्म्यांच्या खोक्यात तुमच्या दिवंगत यजमानांचा चष्मा होता. सोबत तुमची चिठ्ठी होती: 'ज्याला मिळेल त्याने कळवावं, आता यातून काय दिसतं.'

तो मला मिळाला. मी संस्कृतचा मास्तर, आणि रविवारी चर्चमध्ये बायबलचा उतारा वाचणारा. खरं सांगायचं तर दोन वर्षं मी वाचतच नव्हतो. अक्षरं दिसेनात, पण वाचकाची जागा सोडवेना. शनिवारी बायको वाचून दाखवायची, मी पाठ करायचो. जन्मभर तेवढंच तर केलंय. रविवारी गंभीर चेहऱ्याने पानं उलटायचो. मग एका रविवारी प्रार्थनेतच लग्न होतं आणि फादरनी आयत्या वेळी उतारा बदलला. मी खणखणीत आवाजात पाठ केलेला नोहाचा जलप्रलयच म्हटला. पान चुकलं असेल, असं फादरना वाटलं. नवरीची आई अजून माझ्याशी बोलत नाही.

चष्मा लावून घरी आलो आणि बायकोकडे पाहिलं.

"अगं, तुझे केस कधी पिकले?"

"तुम्ही पाठ करत होतात तेव्हा," ती म्हणाली. त्या शनिवारी तिने पुस्तक माझ्या हाती दिलं आणि स्वतः ऐकत बसली.

परदेशी जाणारी पत्रं आधी फादर वाचतात. म्हणून आभारपत्रात 'चष्मा उत्तम बसला' एवढंच लिहिलंय, आणि हे पत्र न पाठवता यजमानांच्याच चष्म्याच्या डबीत ठेवतोय. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: यातून ती दिसते.

तुमचा ऋणी,
रविवारचा वाचक, आता खराखुरा