कंट्रोलचं रक्त

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! अर्ध्या पेशी हिरव्या, अर्ध्या काळ्याकुट्ट. नवी बाटली, नवा लॉट, नवे हातमोजे — आणि निकाल जुनाच. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि चक्क रडले. भिंग ओलं झालं, ते पुसण्यात आणखी दहा मिनिटं.

किती साधं काम आहे! पेशीत कचरा जिरवणाऱ्या पिशव्या असतात — लायसोसोम. त्यांच्या आवरणात लॅम्प-२ नावाचं प्रथिन असतं. आमच्या बाटलीतल्या अँटीबॉडीने फक्त त्याला शोधून चिकटायचं आणि हिरवं चमकायचं. काही मुलांत हे प्रथिन नसतंच. त्यांचं हृदय जाड होत होत थकतं. त्यांच्या पेशी काळ्या दिसायला हव्यात, निरोगी माणसाच्या सगळ्या हिरव्या. आणि ही बया निरोगी रक्तावरच अर्धी रजा टाकते! आजारी मुलांपर्यंत जायचं कुठल्या तोंडाने?

४ मार्च

सर म्हणाले, "हात साफ नाही तुझा." तीन वर्षं घासल्यावर हे ऐकायचं.

६ मार्च, गुरुवार

सगळं नव्याने केलं. पाणीसुद्धा बदललं. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी, निरोगी माणसाचं रक्त हवं, ते नेहमीप्रमाणे माझंच. शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी सुई बघूनच पांढरी पडते, सरांना मीटिंगा. कोण रोज रोज हात पसरत फिरणार? कोपराजवळ जांभळं पडलंय.

अर्ध्या हिरव्या, अर्ध्या काळ्या.

९ मार्च, रविवार

घरी गेले. धाकटा भाऊ सामान घेऊन मागून येत होता, तो दुसऱ्या मजल्यावरच बसला. "कासवा, चल की!" मी वरून ओरडले. हे नाव मीच ठेवलेलं, तो सातवीत असताना. बाबा म्हणाले, "एकोणिसाव्या वर्षी ही गत! दिवसभर लोळायचं, दुसरं काय." आई नेहमीसारखी त्याच्या बाजूने — "असू दे हो. माझा भाऊही असाच होता, दोन जिने चढला की टेकायचा." मामाला मी पाहिलेलं नाही. फोटोत आहे फक्त, कायमचा एकविसाचा.

कासव धापा टाकत वर आला आणि मलाच विचारतो, "ताई, तुझी बाटली सुधारली का गं?" खेकसले त्याच्यावर. माझ्या कामाची चौकशी करणारा घरात तो एकटाच, आणि मी अशी.

११ मार्च

शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर ही अँटीबॉडी बाद, टेस्टही बंद. सर हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना तसं कळवणार. त्या बारा आजारी मुलांच्या तपासणीसाठी आमच्याकडे डोळे लावून बसल्यात.

मी नालायक आहे. एवढंच लिहायचं होतं.

१२ मार्च, बुधवार

टेबलाच्या शेजारणीला माझी दया आली असावी. डोळे घट्ट मिटून हात पुढे केला — "घे बाई, लवकर घे!" तिची एक स्लाइड, माझी एक. बाटली तीच, वेळ तीच.

तिच्या सगळ्या हिरव्या! एकूण एक! मी नाचलेच. ती म्हणते, "आमचं रक्तच भारी!" म्हणजे अँटीबॉडी चांगली आहे, पहिल्यापासून चांगली होती! मग माझ्याच पेशींना काय धाड भरलीय, हे विचारायला सरांना ओढत आणलं.

त्यांनी दोन्ही स्लाइड पाहिल्या. माझी परत पाहिली. मग स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस." मी बसले.

"तुला भाऊ आहे का गं?"

लॅम्प-२ नसण्याचा हा दोष आईकडून येतो. मुलीत तो अर्ध्याच पेशींत दिसतो, म्हणून ती वर्षानुवर्षं धडधाकट फिरू शकते. मुलाच्या वाट्याला आला, तर सगळ्याच पेशी काळ्या. हे मला पाठ आहे, प्रबंधात मीच लिहिलंय! आणि तीन वर्षं स्वतःचं रक्त निरोगी म्हणून वापरत आले. बाटलीला शिव्या घातल्या. भावाला कासव म्हटलं.

१३ मार्च

कासवाला रक्त द्यायला बोलावलंय. फोनवर त्याने पहिलं हेच विचारलं, "किती जिने आहेत गं?"

म्हटलं, तू चढू नकोस. मी खाली येते.