नायट्रोजनवरची बियर

३ एप्रिल १९८३, कळंब
या गावात चव नावाची गोष्ट नाही. बियर दिली तर बशीत ओतून फुंकून पितील. पुढच्या रविवारी दूध संघाचे चेअरमन तात्याराव जेवायला येणार. त्यांनी वर शब्द टाकला की माझी पुण्याला बदली पक्की. त्यांना घरीच ड्राफ्ट बियर पाजायची. नळाची. पुण्याच्या हॉटेलात मी एकदा अर्धा ग्लास घेतला होता. तेवढ्यात सगळं टेक्निक ध्यानात आलं.

५ एप्रिल
बियर नळातून ढकलायला गॅस लागतो. कार्बन डायऑक्साइड की नायट्रोजन? कार्बनचा सिलिंडर गोटीसोडावाल्या नागप्पाकडं आहे. म्हणाला, "न्या की डॉक्टर, लई फेस येतो." फेस! ढेकर काढायचा गॅस मी चेअरमनना पाजू? नायट्रोजनच. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आहेच, कंटेनरभर, बर्फाहून गार पातळ.

६ एप्रिल
कंपाउंडर बिभीषण आडवा आला. म्हणे त्या कंटेनरात जर्सी वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या आहेत, नायट्रोजन संपला की त्या मेल्या, आणि पुढची गाडी महिनाअखेरीस. डिग्रीवाला मी, आणि शिकवतो हा! मला थोडासाच हवाय.

८ एप्रिल
ट्रायल. बार्शीहून एसटीनं आणलेल्या बाटल्या दुधाच्या कॅनमध्ये ओतल्या. नळ बसवला, नायट्रोजन घातला, झाकण आवळलं. झाकण उडून शेजारच्या मुक्ताबाईंच्या पत्र्यावर. म्हणजे प्रेशर भरपूर. मुक्ताबाई नाही नाही ते बोलल्या. अडाणी बाई. आमच्या शिवकांताचं पालुपद एकच, सोड्याचा गॅस आणा. लग्नाआधी हिचं शिक्षण विचारायला हवं होतं.

९ एप्रिल
दुसरी ट्रायल, झाकण सैल. बियरचा दगड झाला. तिसरी, चौथी. आता वाहते. बुडबुडा एकही नाही. बुडबुडे गावंढळांना लागतात. कंटेनर उचलायला हलका वाटला. माझ्या अंगात ताकद आली असावी.

१० एप्रिल
तात्याराव आले. एक घोट घेतला. "डॉक्टर, ह्यो कशाचा काढा?" ग्लास बाजूला सारून भाकरी कुस्करायला लागले. माणूस मोठा, जीभ खेड्यातली. जाताना म्हणाले, "आमची गाय माजावर आलीय. सकाळी जर्सीची कांडी घिऊन या. दुष्काळात पोटच्या पोरीवानी जगवलीय तिला." मी म्हणालो, जरूर.

११ एप्रिल
कंटेनर उघडला. कोरडा ठणठणीत. बिभीषणानं तो उलटा करून दाखवला. उद्धटपणा, दुसरं काय!
गोठ्यावर जाऊन सांगितलं, या गाईच्या प्रकृतीला कृत्रिम रेतन मानवणार नाही. तात्याराव नुसतं "व्हय का" म्हणाले आणि गावातल्या सिदूचा गावरान देवणी वळू बोलावून घेतला. बघायला निम्मं कळंब जमलं. या लोकांना कामधंदा नाही. आता बदलीचा विषय काढावा म्हणून मी पुढं झालो. तात्यारावांनी गाईचं दावं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "डॉक्टर, तुमी एवढं घट्ट धरा."
धरलं.